डॉन पास्क्वालेला बसलेली थप्पड: न्याय की अतिरेक?

पहिली रांग (धागाकर्ती)

इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या ‘डॉन पास्क्वाले’च्या तिसऱ्या अंकात नोरिना एका सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवते. हा ऑपेरा विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे आणि तो विनोदी आहेही, पण त्या थपडेपाशी माझं हसू थांबतं. माझं ठाम मत आहे की पास्क्वालेला मिळालेली शिक्षा त्याच्या अपराधाच्या मानाने फार जास्त आहे. खुद्द दोनिझेत्तीलाही तसंच वाटत असावं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक. रोममधला श्रीमंत, चिकट, हट्टी, कधी लग्न न केलेला डॉन पास्क्वाले. त्याचा पुतण्या एर्नेस्तो नोरिना नावाच्या तरुण, पण गरीब विधवेच्या प्रेमात पडलाय. काकाने सुचवलेलं पैसेवालं स्थळ तो नाकारतो. काका चिडतो: मग मीच लग्न करतो, मला मुलं होतील, तू घर सोड. डॉक्टर मालातेस्ता हा काका-पुतण्या दोघांचाही मित्र. तो सोफ्रोनिया नावाची, मठात वाढलेली आपली बहीण म्हणून नोरिनालाच काकासमोर आणून उभी करतो. लग्न खोटं, नोटरी म्हणून आलेला माणूस मालातेस्ताचाच नात्यातला. सही होईपर्यंत मान खाली घालून बसलेली मुलगी सही होताच घराचा ताबा घेते. नवे नोकर, दागिने, घोडागाडी, फर्निचर. तिसरा अंक उघडतो तेव्हा खोलीभर टोप्या आणि शाली पसरलेल्या असतात आणि पास्क्वाले बिलांच्या ढिगासमोर बसलेला असतो.

तेवढ्यात ती नटूनथटून नाटकाला निघते. तो अडवतो, शब्दाने शब्द वाढतो आणि थप्पड बसते. त्यानंतर पास्क्वाले जे गातो त्याचा आशय असा: संपलं, डॉन पास्क्वाले, आता डोकं आपटून उपयोग नाही, बुडून मरण्यावाचून काही उरलं नाही. आणि त्याच वेळी नोरिना स्वतःशी म्हणते की धडा जरा कठोरच झाला, पण परिणाम व्हायला तो लागतो.

ज्या बाईने हात उचलला तिलाच हे कठोर वाटतंय. मग आपण प्रेक्षकांनी टाळ्या का पिटायच्या?

रोखठोक

पूर्ण असहमत. आणि माझा मुद्दा दुसऱ्या अंकातूनच काढून दाखवते, कारण थपडेचं कारण तिथे आहे.

बुरखा घेतलेली ‘सोफ्रोनिया’ पहिल्यांदा समोर येते तेव्हा पास्क्वाले तिला काय विचारतो आठवा. संध्याकाळी लोकांत जायला आवडतं का? नाटकाला? ती म्हणते, नाटक म्हणजे काय ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मग दिवस कसा घालवतेस? शिवणं, भरतकाम, मोजे विणणं, स्वयंपाकघर सांभाळणं. म्हातारा खूष! हीच मला हवी होती. बाईने कुठे जायचं नाही, काही मागायचं नाही, पैसे खर्चायचे नाहीत, ही त्याची अट आहे आणि ती त्याने उघडपणे बोलून दाखवलीय.

आता तिसऱ्या अंकात भांडण कशावरून होतं? नाटकाला जाण्यावरून. संहितेने हे मुद्दाम जुळवलंय. थप्पड हवेतून आलेली नाही. उद्या खरीच कुणी सोफ्रोनिया त्या घरात आली असती तर तिचं काय झालं असतं, याचा विचार या धाग्यात अजून कुणीच केलेला नाही.

शिवाय पैसा हे हत्यार पहिल्यांदा वापरलं कुणी? ‘माझं ऐकलं नाहीस तर घराबाहेर’ हे काकाने केलं. नोरिनाकडे ना माहेरचा पैसा, ना नवऱ्याचा. तिच्याकडे डोकं आहे, ते तिने वापरलं.

तानपुरा

धागाकर्तीशी सहमत, पण संगीताच्या बाजूने.

आधीच्या विनोदी ऑपेरांत गाणं संपलं की मधला संवाद हार्पसिकॉर्डच्या तुटक सुरांवर भराभर म्हणून टाकायची पद्धत होती. त्यामुळे पात्रांपासून थोडं दूर व्हायला प्रेक्षकाला वाव मिळायचा. ‘डॉन पास्क्वाले’त दोनिझेत्तीने ते संवादही तंतुवाद्यांच्या साथीवर बांधलेत. वाद्यवृंद पात्राचा हात सोडत नाही, म्हणून थपडेनंतरची शांतता जास्त बोचते. वेगाने धावणारं द्वंद्वगीत तिथे एकदम मंदावतं आणि म्हाताऱ्याला लांब, उदास स्वरावली मिळते. नुसती टिंगलच करायची असती तर ही लय देण्याची गरज नव्हती.

हेही लक्षात घ्या की 3 जानेवारी 1843 ला पॅरिसच्या तेआत्र इतालियँमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पास्क्वाले होता लुईजी लाब्लाश, त्या काळातला सर्वात नावाजलेला खर्जाचा गायक. नोरिना जुलिया ग्रीझी, मालातेस्ता ताम्बुरीनी, एर्नेस्तो मारिओ. संगीतकाराला हे चार गळे माहीत होते. लाब्लाशसारख्या गायकाला कोणी नुसता मार खायला रंगमंचावर उभा करत नाही.

रोखठोक

@तानपुरा, मंद लय मान्य. पण त्याच द्वंद्वगीतात ती लगेच कोणत्या चालीवर येते? डोलत, गोड चालीत ती त्याला ‘आजोबा’ म्हणते, आता झोपायला जा, शांत झोपा, सकाळी येऊन उठवेन म्हणते. तो घटस्फोट, घटस्फोट म्हणून ओरडतोय आणि ही त्याला अंगाई ऐकवतेय. दोनिझेत्तीला प्रेक्षकाने रडत बसावं असं वाटत असतं तर ही चाल त्याने तिथे ठेवली नसती.

पडद्यामागचा

तुम्ही दोघीही पास्क्वालेला शेजारच्या वाड्यातला माणूस समजून न्यायनिवाडा करताय, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

ही चारही पात्रं इटलीच्या जुन्या मुखवटा-नाट्यातून, कॉमेदिया देल्लार्तेतून आलीत. पास्क्वाले म्हणजे पांतालोने: पैसेवाला, कंजूष, तरुण मुलीवर डोळा ठेवणारा म्हातारा. नोरिना म्हणजे चतुर कोलोंबिना. मालातेस्ता कारस्थानी, एर्नेस्तो हळवा प्रेमवीर. गोष्टही नवी नाही. आंजेलो आनेल्लीने संगीतकार पावेसीसाठी 1810 मध्ये ‘सेर मार्कांतोनियो’ हा ऑपेरा लिहिला, तेच कथानक संहिताकार रुफीनी आणि दोनिझेत्ती यांनी पुन्हा घडवलं. संगीतकाराने संहितेत इतकी ढवळाढवळ केली की रुफीनीने आपलं नावच काढून घेतलं.

पांतालोनेला मार पडतोच. तो पडला नाही तर प्रेक्षक फसवणूक झाली म्हणेल. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरातला डॉक्टर बार्तोलो आपल्या ताब्यातल्या मुलीशी लग्न करायला निघतो आणि तोंडावर पडतो. त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही. मग पास्क्वालेसाठीच का?

पहिली रांग

@पडद्यामागचा, बार्तोलोचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. बार्तोलो त्या मुलीला, रोझिनाला, कोंडून ठेवतो. तिच्या वाट्याचा पैसा त्याला गिळायचा आहे आणि ती त्याच्या ताब्यात असहाय आहे. पास्क्वालेने नोरिनाला कोंडलेलं नाही. तो तिला ओळखतसुद्धा नाही! ती स्वतः बेत करून, पहिल्या अंकात मालातेस्ताबरोबर लाजण्या-मुरडण्याची तालीम करून त्याच्या घरात शिरते. तिथे मुलगी बंदिवान होती, इथे घरात म्हाताराच बंदिवान होतो.

तुम्ही ज्याला मुखवटा म्हणताय तो 1843 मध्ये या माणसाच्या चेहऱ्यावरून उतरलाय. ‘सोफ्रोनिया’ येणार म्हटल्यावर पहिल्या अंकात तो जे गातो ते ऐका. अंगात वेगळीच आग संचारलीय, वीस वर्षांचा झाल्यासारखं वाटतंय, सहा तरी मुलं घरात बागडताना दिसताहेत. हे हास्यास्पद आहे, पण एकट्या माणसाचंही आहे. रुफीनीच्या संहितेतल्या पात्रयादीतच त्याचं वर्णन कंजूष, भोळा, हट्टी, पण मुळात भला माणूस असं केलंय. हे शेवटचे शब्द मला विसरता येत नाहीत.

@रोखठोक, नाटकाचा दुवा तुम्ही अगदी नेमका दाखवलात. पण मग नाटकाला जाणं पुरेसं होतं की. त्याला डावलून, दार आपटून ती गेली असती तरी धडा मिळाला असता. हात कशाला?

कृष्णाकाठ

आपल्याकडचा वाचक हे पाहताना ‘संगीत शारदा’ आठवल्याशिवाय राहणार नाही. देवलांनी 1899 मध्ये जे मांडलं ते इथल्या घराघरातलं दुखणं होतं. पैशाच्या लोभाने बाप पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. त्या भुजंगनाथाला कुणी थोबाडीत दिली असती तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हणूनच मला रोखठोक यांचं पटतं. म्हाताऱ्याच्या लग्नाच्या हौसेची किंमत नेहमी मुलीच मोजत आल्यात. एका ऑपेरात ती म्हाताऱ्याने मोजली तर बिघडलं काय?

पहिली रांग

शारदेपुढे कोणताच पर्याय नव्हता, तिचा निर्णय बापाने केला. नोरिना विधवा आहे, स्वतःच्या मनाची मालकीण आहे आणि स्वतःहून या खेळात उतरलीय. शारदेचा राग नोरिनाच्या हाताने काढायचा म्हणजे पास्क्वालेकडून भुजंगनाथाची उधारी वसूल करणं झालं.

औषधाची पुडी

सगळे नोरिनाला धरून बसलेत. मला राग मालातेस्ताचा येतो. पेशाने डॉक्टर आहे, रुग्णाचा विश्वासू आहे आणि तोच विश्वास वापरून हे सगळं घडवून आणतो. नोरिनाला निदान प्रेम मिळवायचंय. याचा काय फायदा? कुठेही स्पष्ट सांगितलेलं नाही. त्याला डाव रचण्यातच आनंद आहे.

थपडेनंतर बघा. नोरिना मुद्दाम एक चिठ्ठी पाडून जाते, रात्री बागेत प्रियकराला बोलावल्याची. पास्क्वाले ती वाचून तातडीने बोलावतो कुणाला? मालातेस्तालाच. मग ते दोघांचं, जीभ अडखळेल इतक्या वेगाचं द्वंद्वगीत. थिएटरमध्ये हमखास ‘पुन्हा’ची मागणी होते ती इथे. बागेत दोघांना रंगेहाथ पकडायचं म्हणून म्हातारा हरखलाय, आणि शेजारी उभा असलेला मित्र तालात ताल मिळवत त्याला पुढच्या खड्ड्याकडे नेतोय. थप्पड उघड होती. मला हे जास्त क्रूर वाटतं.

पडद्यामागचा

मालातेस्ताने नेमकं नुकसान काय केलं? लग्न खोटं होतं, म्हणून म्हातारा सुटला. खऱ्या सोफ्रोनियाशी खरं लग्न झालं असतं तर सुटका नव्हती. त्याने रोग्याला सौम्य रूपात रोग देऊन मोठ्या दुखण्यातून वाचवलं. डॉक्टरचंच काम केलं त्याने.

औषधाची पुडी

रोग्याला न विचारता?

तानपुरा

एर्नेस्तोबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझ्या मते काकाइतकाच तोही दोषी आहे. काकाच्या पैशावर जगतो, स्वतः काही करत नाही. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ट्रम्पेटचा तो अप्रतिम एकल तुकडा येतो आणि एर्नेस्तो दूरदेशी निघून जायचं गातो. गाणं काळीज कापतं, पण जात मात्र कुठेच नाही. लग्नाच्या वेळी साक्षीदार कमी पडतो म्हणून योगायोगाने तो तिथे येतो आणि तेव्हा त्याला बेत कळतो. पुढे त्याचं काम बागेत गिटारच्या साथीवर गोड गाणं म्हणणं आणि वेळेवर पळून जाणं. थप्पड नोरिनाने खऱ्या अर्थाने याच्या वतीने मारलीय, आणि तो त्या खोलीत नव्हताही.

रोखठोक

एर्नेस्तोवर शंभर टक्के सहमत. नोरिनाला त्याच्यात काय दिसलं हा वेगळा धागा होईल.

पण शेवटाकडे या. मालातेस्ता सांगतो की एर्नेस्तोची बायको नोरिना या घरात येणार म्हटल्यावर सोफ्रोनिया एक क्षण थांबणार नाही. पास्क्वाले ताबडतोब लग्नाला होकार देतो, वर्षासनही देतो. मग उलगडा होतो की सोफ्रोनिया हीच नोरिना. आणि तो काय करतो? चार ओळींत माफ करून आशीर्वाद देतो. आयुष्य उद्ध्वस्त झालेला माणूस इतक्या लवकर माफ करत नाही. त्याला हायसं वाटलंय.

पहिली रांग

माफ तो करतो, नोरिना माफी मागत नाही. म्हातारपणी लग्न करणाऱ्याचं डोकं फिरलेलं असतं, तो हातात घंटा घेऊन दुखणी शोधत हिंडतो, असा बोध ती गाते आणि पडदा पडतो. ‘धडा कठोर झाला’ हे तिने थपडेनंतर स्वतःशी म्हटलं होतं. या शेवटच्या गाण्यात, सगळ्यांसमोर, पास्क्वालेला ऐकू जाईल असं ते एकदा तरी म्हणायला हवं होतं. त्याला मात्र ते कधीच कळत नाही.

रोखठोक

त्याने एर्नेस्तोला घराबाहेर काढल्याबद्दल माफी मागितली का? तीही संहितेत सापडत नाही.