क्रॅकरचा स्नॅप वाजत नाही तो हवेमुळे की गोंदामुळे?

इंग्लंडातल्या एका लग्नात टेबलांवरचे निम्मे क्रॅकर (दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या, आत भेट असलेल्या कागदी नळ्या) फुसके निघाले, आणि या चर्चेत सगळ्यांनी त्याचा दोष तिथल्या दमट हवेवर टाकलाय. मला पटत नाही. स्नॅप म्हणजे जाड कागदाच्या दोन पट्ट्या, मधे एकमेकींवर चढवलेल्या, आणि त्या सांध्यात सिल्व्हर फुल्मिनेट या घासताच फुटणाऱ्या स्फोटकाचा कण. पट्ट्या घासल्या की आवाज. गोंद सांध्यावर सांडला तर पट्ट्या सरकतच नाहीत. टोकांना लावलाच नाही तर कागद फाटतो आणि स्नॅप अख्खा एका अर्ध्यात मुकाट पडून राहतो. म्हणून गोंद फक्त दोन्ही टोकांना, तोही थेंबभर. ए-फोर कागदाचा क्रॅकर २९.७ सेंमी लांब, तेव्हा स्नॅप साधारण तेवढाच हवा. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलेला चकचकीत कागद तर घेऊच नका, कंबरेशी, म्हणजे नळीच्या बाजूला आवळलेल्या जागी, फाटता फाटत नाही.

नावांबद्दल कुणीच लिहिलं नाही. घरगुती धंद्यात वेळ खातात ती नावंच, कारण पाहुण्यांची यादी शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत असते. नाव मूळ कागदावर छापूच नये. क्रॅकर कोरे बांधून ठेवावेत, नाव मधल्या नळीभोवतीच्या वेगळ्या पट्टीवर छापावं आणि ती शेवटी चिकटवावी. एक पाहुणा बदलला तर एक पट्टी बदलते, बस्स. आत रिवाजाचे पाच साखरबदाम घालणार असाल तर जाळीत बांधून घाला, नाहीतर साखरेचा भुगा आतल्या कागदी मुकुटावर.

आणि अमेरिकेच्या पाहुण्यांना आधीच सांगा: विमानात क्रॅकर न्यायचे तर तिकडचे नियम तपासून घ्या.