थिंकपॅड टी४३० लॅपटॉपमध्ये क्वाड-कोर (चार कोरचा) प्रोसेसर बसेल का?

बसेल. २०१२ च्या या लॅपटॉपमधला आय५-३३२०एम हा प्रोसेसर सॉकेटमध्ये (काढता-घालता येईल अशा खाचेत) बसवलेला असतो, बोर्डावर कायमचा डकवलेला नसतो. नावाच्या शेवटी 'यू' असलेले प्रोसेसर मात्र डकवलेलेच असतात. तिथे हा विचारच सोडा.

काही जण 'थेट ४५ वॅटचा प्रोसेसर टाका' म्हणतात, त्याला माझा विरोध आहे, कारण जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता. तुमचा सध्याचा आय५ ३५ वॅटचा आहे. आय७-३६३२क्यूएम हाही ३५ वॅटचाच, पण ४ कोर आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). मी माझ्या टी४३० मध्ये तोच बसवला आणि व्हिडिओ एन्कोडिंगला फरक लगेच जाणवला. ब्राउझर, एक्सेल एवढंच काम असेल तर मात्र पैसे आधी एसएसडी आणि रॅमवर घाला, खरंच.

चौथ्या पिढीचा आय७ स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, त्याचं सॉकेटच वेगळं आहे. जुना वापरलेला प्रोसेसर घेताना खालच्या पिना उजेडात धरून बघा, एक जरी वाकलेली असली तरी परत करा. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आधीच अद्ययावत करून घ्या. बॅटरी काढा, मग हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग). सॉकेटचा स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर अलगद सुटतो. नवा बसवताना कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवा आणि वरून अजिबात दाबू नका. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. पंख्यातली धूळही त्याच बैठकीत काढा, कारण तापमानाचा अर्धा त्रास तिचाच असतो.