ब्लॅक रॉकच्या लाँचची तयारी (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मुक्ता: काका, नेवाडाला ब्लॅक रॉक वाळवंटातल्या हौशी रॉकेटांच्या लाँचसाठी नाव नोंदवलं. लेव्हल १ (मोठ्या मोटरचं रॉकेट उडवायचं पहिलं प्रमाणपत्र) तिथेच करणार. रॉकेट ४ इंची, पुठ्ठ्याच्या नळीचं, मोटरसकट २.५ किलो. मोटर बसवायचं माउंट ३८ मिमीचं आहे, अ‍ॅडॉप्टर लावून २९ मिमीची एच १२८ टाकायचा विचार आहे. चालेल?

श्रीकांत: चालेल, पण अगदी काठावर. अक्षरावरून एकूण आवेग कळतो, एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. पुढचा १२८ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. तुझं रॉकेट साधारण २४.५ न्यूटन भरतं, म्हणजे जोर वजनाच्या ५.२ पट. पाचपटीच्या खाली जायचं नाही असा आपला नेम. अजून २०० ग्रॅम वाढले की गेलीस खाली. हे २.५ काट्यावरचे आहेत की सॉफ्टवेअरमधले?

मुक्ता: सॉफ्टवेअरमधले 🙈

श्रीकांत: मग रंग, इपॉक्सी, पॅराशूट, मोटर, सगळं घालून काट्यावर ठेव आणि सांग.

निनाद: रेल (उडताना रॉकेटला सरळ धरणारा खांब) सोडतानाचा वेगही ओपनरॉकेट सॉफ्टवेअरमध्ये बघ. सेकंदाला १५ मीटर तरी हवा. त्याहून कमी असला तर शेपटीच्या फिनांना हवेची पकड मिळत नाही, रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवतं आणि आडवं जातं. रेलची पूर्ण लांबी धरू नकोस हं. वरचं रेल बटण (रॉकेटला रेलमध्ये अडकवणारी गुंडी) सुटलं की रॉकेट मोकळं, तेवढंच अंतर धरायचं.

मुक्ता: काटा २.६८ किलो दाखवतोय.

निनाद: मग ४.९ पट. अ‍ॅडॉप्टर काढ, ३८ मिमीची आय १६१ घे. पाचपटीच्या आरामात वर जाईल आणि लेव्हल १ ला एच आणि आय दोन्ही चालतात. सिम्युलेशन मात्र पहिल्यापासून, कारण उंची बदलली की डिले (इंधन संपल्यापासून पॅराशूट सुटेपर्यंतचा वेळ) बदलतो.

श्रीकांत: मोटरची ऑर्डर लाँचला येणाऱ्या विक्रेत्याकडे आधीच देऊन ठेव, ताबा तिथेच घ्यायचा. विमानाच्या सामानात मोटर, ब्लॅक पावडर (पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू), ई-मॅच (ती विजेने पेटवणारी काडी) यातलं काहीही नाही. २००९ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर या मोटरींचं इंधन स्फोटकांच्या यादीतून निघालं, पण विमानाचे नियम वेगळे आहेत.

सुलभा: श्रीकांत, हे सगळं ठीक, पण बघणाऱ्यांनी बसायचं कुठे? मी तिच्याबरोबर जातेय.

वैदेही: आत्या, अंतर मोटरवर ठरतं. एच, आय, जे साठी किमान १०० फूट, एम साठी ५००, ओ साठी १५००. तुम्ही फ्लाइट लाइनच्या (प्रेक्षकांसाठी आखलेल्या हद्दीच्या) मागेच असाल. धोका पॅडपेक्षा (उडवायच्या जागेपेक्षा) वरून येणाऱ्या रॉकेटचा जास्त. पॅराशूट उघडलं नाही तर ते नाक खाली करून येतं, आवाज येईलच असं नाही. माईकवरून ‘हेड्स अप’ ऐकलं की तंबूच्या कापडाखालून बाहेर यायचं, उभं राहायचं आणि रॉकेट नजरेने शोधायचं. सावलीत बसून राहणं सगळ्यात वाईट, कारण तिथून वरचं काहीच दिसत नाही. आणि खाली येणारं रॉकेट कधीही झेलायचं नाही, पॅराशूटवर असलं तरी.

सुलभा: आणि पाणी, जेवण?

वैदेही: पाणी माणशी दिवसाला ५-६ लिटर. पेट्रोल आणि शेवटची खरेदी गेर्लाकला, पुढे काही नाही. मोबाईलवर विसंबू नका. सगळा कचरा परत आणायचा. ती जागा बीएलएमकडे (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी विभागाकडे) आहे आणि या बाबतीत नियम कडक आहेत. तंबूला लांब लोखंडी खुंट्या, दोऱ्या ताणून. दुपारी धुळीच्या वावटळी उठतात आणि साधे तंबू उचलले जातात.

निनाद: पावसाचा अंदाज असेल तर आदल्या रात्रीच ठरवा. प्लाया (वाळलेल्या तलावाचा सपाट तळ) ओली झाली की गाडी चाकाच्या मध्यापर्यंत रुतते. ओल्या जमिनीवर गाडी घालायचीच नाही, वाळेपर्यंत थांबायचं. धूळ अल्कलीची आहे, कातडी फुटते. पाय रोज पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि बंद बूट घाला.

मुक्ता: दादा, आरएसओ (लाँचचा सुरक्षा अधिकारी) नेमकं काय बघतो?

वैदेही: मी सांगते. फिन एकेक धरून हलवतो, इपॉक्सीला चीर आहे का बघतो. रेल बटणं ओढून बघतो. नोज कोन (टोकाचा शंकू) धरून रॉकेट उचलतो: नुसत्या वजनाने निघता कामा नये, पण झटका दिला की सुटला पाहिजे. गुरुत्वमध्य कुठे आहे विचारतो. दाबमध्य (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) त्याच्या मागे किमान एक व्यास हवा, म्हणजे तुझ्या रॉकेटला ४ इंच. दोन्ही खुणा नळीवर पेनाने करून ठेव, आणि गुरुत्वमध्य मोटर भरून काढ. मोटरशिवाय काढलेला आकडा नेहमी खोटं समाधान देतो. मग फ्लाइट कार्ड: वजन, मोटर, डिले, अपेक्षित उंची.

श्रीकांत: वैदेही, नोज कोनचं खरं दुखणं तिथल्या कोरड्या हवेत आहे. घरी घट्ट बसलेला पुठ्ठ्याचा कपलर (नळीत शिरणारा जोडतुकडा) वाळवंटात एका रात्रीत सैल होतो. मुक्ता, मास्किंग टेप बरोबर ठेव. कपलरवर एक-एक वेढा देत जा, दर वेढ्यानंतर उचलून बघ. सकाळी बरोबर बसलेलं दुपारी परत तपास.

आणि खालच्या नळीला ३ मिमीचं भोक आहे ना? वर जाताना बाहेरचा दाब झपाट्याने उतरतो, आतली हवा अडकली तर तीच नोज कोन ढकलून देते आणि पॅराशूट भर वेगात बाहेर येतं. शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग जोडून ठेवणारी दोरी) नळी वरपासून चिरत जाते. डिले चुकीचा पडला तरी हेच. तो ड्रिलच्या टूलने कमी करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून शेवटच्या सिम्युलेशनच्या आकड्यावरच काप.

मुक्ता: भोक नाहीये. आज पाडते. अजून एक, कॉलेजच्या टीमचं के मोटरचं रॉकेटही येतंय, उडवणारे आमचे लेव्हल २ चे मेंटर. रिकव्हरी (रॉकेट सुखरूप खाली आणणं) माझ्याकडे आहे. तेही ४ इंची, अंदाजे ३००० मीटर. एकच मोठं पॅराशूट टाकलं तर काम सोपं नाही का?

निनाद: सोपं, पण रॉकेट हाती लागणार नाही. हिशेब कर. सेकंदाला ६ मीटरने उतरलं तर ५०० सेकंद हवेत. वारा सेकंदाला ७ मीटर असेल तर साडेतीन किलोमीटर वाहत गेलं. त्याऐवजी वर ड्रोग, म्हणजे छोटं पॅराशूट, सेकंदाला २५ मीटरने खाली, आणि २०० मीटरवर मेन, म्हणजे मोठं. एकूण १४५ सेकंद, एक किलोमीटरच्या आसपास.

श्रीकांत: आता चार्ज, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलायला लागणारी दारू. फोरएफ (बारीक दाण्याची) ब्लॅक पावडर, ग्रॅममध्ये: ०.००६ × व्यासाचा वर्ग × पोकळीची लांबी, दोन्ही इंचात. ४ इंच व्यास आणि १६ इंच पोकळी असेल तर साधारण दीड ग्रॅम. त्याने १५ पीएसआय (चौरस इंचाला १५ पौंड) दाब येतो, म्हणजे ४ इंची बल्कहेडवर (नळीतल्या आडव्या चकतीवर) जवळजवळ १८८ पौंड. नायलॉनच्या २-५६ स्क्रूच्या तीन शिअर पिना (तोपर्यंत नळ्या एकत्र धरणाऱ्या) त्यात आरामात तुटतात. पण हे कागदावरचं. जमिनीवर चाचणी केल्याशिवाय ते रॉकेट पॅडवर नेऊ नका. पॅराशूट, नोमेक्स (आगरोधक कापड), कॉर्ड, पिना, सगळं उड्डाणासारखं भरून आडवं ठेवा आणि लांबून पेटवा. नळ्या जोरात सुटून कॉर्ड ताणली गेली तर ठीक. नुसतं ‘फुस्स’ झालं तर पावडर वाढवा, पाव-पाव ग्रॅमने. मेंटर समोर हवेत, हे वेगळं सांगत नाही.

निनाद: अल्टिमीटरच्या (उंची मोजून चार्ज पेटवणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यात ही चार्जची हवा शिरता कामा नये. वायरींची भोकं मातीच्या पुटीने बुजव. शिरली तर सेन्सरला वाटतं उंची एकदम घटली, आणि मेन वरच उघडतं. बाहेरची भोकं उलट स्वच्छ हवीत, कडांना पुठ्ठ्याचे तंतू नकोत. ९ व्होल्टची बॅटरी नवी, आणि झिप टायने बांधलेली. उड्डाणाच्या झटक्यात बॅटरी क्लिपमधून निसटली की दोन्ही पॅराशूट गेली.

वैदेही: पॅडवरचा क्रम पाठ कर, मुक्ता. रॉकेट रेलवर, रेल उभी, गरजेपुरती माणसं सोडून बाकीची मागे. मग अल्टिमीटर चालू. बीप मोज: दोन्ही चार्ज जोडलेले आहेत हे सांगणारा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो कागदावर लिहून खिशात ठेव, वाऱ्यात आठवत नाही. इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) सगळ्यात शेवटी. अल्टिमीटर चालू करताना चार्ज चुकून उडाला तर निदान मोटर पेटायची शक्यता नको.

मुक्ता: इग्नायटर किती आत?

वैदेही: पार वर टेकेपर्यंत. बारीक लाकडी काडीला चिकटवून सरकव, टेकला की वायरवर नोझलपाशी खूण कर. खाली घसरला तर मोटर अर्धवट पेटते, रॉकेट रेलवर धापा टाकत राहतं किंवा नुसता धूर येतो. मगरक्लिपा आधी सँडपेपरने घास. पेटली नाही तर ६० सेकंद कोणीही जवळ जायचं नाही, एलसीओने (लाँच चालवणाऱ्या अधिकाऱ्याने) सांगितलं की मगच.

सुलभा: आणि लांब पडलं तर ही एकटी शोधायला जाणार?

श्रीकांत: एकटी नाही, ताई. दोघं, पाणी आणि रेडिओ घेऊन. ट्रॅकरचा (रॉकेटमधून जागा कळवणाऱ्या यंत्राचा) शेवटचा आकडा बऱ्याचदा जमिनीवरचा नसतो, हवेतला असतो, कारण रॉकेट जमिनीजवळ आलं की सिग्नल जातो. त्या जागी पोचून वाऱ्याच्या दिशेने पुढे बघायचं. डोळ्यांनी पडताना दिसलं असेल तर मागच्या डोंगराच्या एखाद्या खाचेशी रेष जुळवून तिचा फोटो काढून ठेवायचा. सपाट प्लायावर अंतर कळत नाही, दिशा मात्र चुकत नाही.

निनाद: आणि सापडल्यावर धावत जाऊन उचलू नका. मेन बाहेर आलेलं नसेल तर तो चार्ज अजून जिवंत आहे. नळीच्या तोंडासमोर न जाता बाजूने जा, आधी अल्टिमीटर बंद, मग फोटो, मगच हात.

मुक्ता: टीमच्या अल्टिमीटरचा स्विच स्क्रूचा आहे, म्हणजे लागणारा स्क्रूड्रायव्हर रिकव्हरीच्या पिशवीतही ठेवते.

निनाद: दोन ठेव. एक प्लायावर पडतोच.