विषय: चित्रपट-संध्या: प्रशिक्षणाचा भाग गाळू नये

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, नमस्कार.
पुढच्या महिन्यात हाँगकाँगचा कुंग फू सिनेमा आणि कोरियन मालिका असा एकत्र कार्यक्रम ठेवतोय. हॉल तीनच तास मिळालाय. त्यामुळे १९७८ च्या 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मधलं प्रशिक्षण गाळून फक्त हाणामारीचे तुकडे घ्यावेत आणि जोडीला 'दे जांग गम' या कोरियन मालिकेचा शेवटचा भाग लावावा, असा विचार आहे. हरकत असेल तर कळवा.

प्रेषक: माई

दादा, हरकत आहे, आणि चांगलीच आहे. या सिनेमातून प्रशिक्षण काढलंत तर उरणार काय?

चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या जुलुमाचा सूड घ्यायचा म्हणून नायक सान ते शाओलिन मठात येतो. पण लढायचं कसं, हे त्याला लगेच कोणीच सांगत नाही. जेवायला जायचं तर वाटेत पाणी, त्यावर तरंगते ओंडके. त्यांवर पाय देऊन पलीकडे जायचं. पडला की भिजला. मग पाणी वाहायचं. दोन्ही हात बाजूला ताठ, हातात बादल्या आणि दंडांना बांधलेली पाती, टोकं बरगड्यांकडे. हात जरा खाली आला की पातं टोचलंच. तेव्हा सान ते झालेल्या गॉर्डन ल्यूचा चेहरा बघा. वेदना लपवत नाही आणि बादलीही सोडत नाही. पुढे लांब लवचिक काठीच्या टोकाला जड हातोडा, त्याने घंटा वाजवायची, सगळा जोर मनगटात. शेवटी तो लढायला उभा राहतो तेव्हा त्या मनगटात काय मुरलंय ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नुसते तुकडे बघणाऱ्याला ते कुठून कळणार?

दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग यांच्या घरातच ही विद्या होती. वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग खुद्द नामवंत कुंग फू गुरू वाँग फेई-हुंग यांचे. अशा माणसाने रियाजच पडद्यावर आणला आणि आपण तोच कापायचा?

प्रेषक: कार्यक्रम समिती

माई, पटतंय. पण मुलं इतका वेळ बसतील का? आणि 'दे जांग गम' तर ५४ भागांची. शेवटचा भाग नको तर कोणता घ्यायचा?

प्रेषक: माई

बसतील. मुलांना ओंडके आणि बादल्याच जास्त आवडतात.

मालिकेचा सुरुवातीचाच भाग घ्या, जांग गम लहान असतानाचा. राजाच्या मुदपाकखान्यात हान सांगगुंग (वरिष्ठ दासी) तिला पाणी आणायला सांगते. पोर पाणी आणते. नको, दुसरं आण. गरम आणते, गार आणते, तरी नाहीच. शेवटी ती विचारते, पोट दुखतंय का? घसा धरलाय का? घसा नेहमी दुखतो असं कळल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून आणते आणि सावकाश प्यायला सांगते. समोरच्याला काय हवंय ते आधी विचारायचं, मग चुलीकडे वळायचं, हा तिचा पहिला धडा. पुढे ती वैद्य होते, त्याची मुळं मला इथेच दिसतात. शेवटच्या भागात हे कसं सापडणार?

प्रेषक: ताई

माईंना माझा पाठिंबा. मात्र मोठी जांग गम साकारणारी ली यंग-ए या भागांत नाही, बालकलाकार आहे. हे जाहिरातीत आधीच लिहा, नाहीतर तिच्यासाठी आलेले लोक नाराज होतील. तिथूनच जवळ तो प्रसंगही आहे: मांसात गोडवा कशाचा, असं विचारल्यावर जांग गम पिकलेल्या पर्सिमनचा (एक गोड फळ) म्हणते. कशावरून? तर चव पर्सिमनची लागली म्हणून! मोठी झाल्यावर हीच मुलगी जिभेची चव गमावते, आणि आठवणीतल्या चवीवर स्वयंपाक करायचं बळ तिला हान सांगगुंगच देते. जमलं तर तेही दोन वाक्यांत सांगावं.

आणि कृपया दोन्हीकडे मूळ आवाजच ठेवा, सबटायटल्ससह. मूळ आवाज गेला की अर्धा अभिनय जातो.

प्रेषक: कार्यक्रम समिती

ठीक. सिनेमा अखंड, दोन तासांच्या आत बसतो. त्यानंतर 'दे जांग गम'चा पाण्याचा प्रसंग असलेला भाग, साधारण तासाचा. मध्यंतर नाही, भाषणं नाहीत, चहा आधीच. माई, भाग सुरू होण्याआधी प्रस्तावना तुम्हीच करा, पाच मिनिटांत. ताई, जाहिरातीचा मजकूर शुक्रवारपर्यंत पाठवा.