लीपची तारीख मिळाली आहे, त्या दिवशी आणि नंतर काय होतं?

प्राजक्ता३४
वहिनीचं वय ३४, एक मुलगा. पॅप टेस्टमध्ये (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) एचएसआयएल, म्हणजे पेशींत जास्त बिघाड, बायोप्सीत सीआयएन ३. पाळी संपली की लीप (करंटच्या तारेने गर्भाशयाच्या तोंडाचा बिघडलेला तुकडा काढणं) करायचं ठरलंय, भूल जागेपुरतीच. सासूबाई म्हणतात, एकदाची पिशवीच काढून टाका. दुसऱ्या मुलाचा विचार अजून आहे. किती दुखतं, अंगावरून किती दिवस जातं, कामाला कधी लागता येतं?

ओटी_सिस्टर
आधी पिशवीचं. सीआयएन ३ म्हणजे कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी. बिघडलेल्या पेशी गर्भाशयाच्या तोंडावरच्या वरच्या थरात असतात, तेवढा तुकडा काढला की बहुतेकींचं काम भागतं. आणि तुकडा न तपासता थेट पिशवी काढली, मागाहून आत कॅन्सर निघाला, तर झालेलं ऑपरेशन अपुरं पडू शकतं. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता लीप. पॅपसारखंच टेबलावर झोपवतात. मांडीला चिकटपट्टीसारखी प्लेट लावतात, कारण तारेतला करंट तिथून परत जातो. म्हणून जोडवी, पैंजण घरीच काढून ठेवा. गर्भाशयाच्या तोंडाला आधी व्हिनेगरसारखं औषध लावतात, बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन: चांगला भाग गडद तपकिरी होतो, खराब भाग मोहरीसारखा पिवळट राहतो. त्यानंतर भुलीचं इंजेक्शन. त्यात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यामुळे दोन-चार मिनिटं छाती धडधडते, पाय थरथरतात. हा औषधाचा परिणाम, घाबरू नये. तारेचा फास फिरवायला काही सेकंदच लागतात. घुर्र आवाज आणि जळका वास येतो, तो येणारच. सगळं मिळून १०-१५ मिनिटं. पाळीत दुखतं तसं ओटीपोट दुखतं, पॅरासिटामॉल पुरतं. सोबत कोणीतरी हवंच.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, लिग्नोकेनची (भुलीच्या औषधाची) अ‍ॅलर्जी असेल किंवा पाळी चुकली असेल, तर आधीच सांगा.

मेथी_दाणा
रक्त थांबवायला मॉन्सेल पेस्ट लावली तर दोन-तीन दिवस चहाच्या चोथ्यासारखं काळं, कणीदार जातं. ते पाहून लोक रात्रीअपरात्री दवाखान्यात धावतात. ती पेस्ट आहे. पुढे दोन ते चार आठवडे पाणीदार, गुलाबी किंवा तपकिरी जातं.

फसवा दिवस दहावा-बारावा. खपली सुटते आणि बरं वाटत असतानाच रक्त वाढतं. दीड-दोन दिवस पाळीइतकं गेलं तर चालतं. तासाभरात अख्खं पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, ताप ३८ अंशांच्या वर गेला, घाण वास आला किंवा ओटीपोटाचं दुखणं वाढत गेलं, तर लगेच दाखवा.

चार आठवडे संबंध नाहीत, कप-टॅम्पॉन नाही, विहिरीत-तलावात पोहणं नाही. फक्त पॅड. बादलीची अंघोळ चालते. बसून काम असेल तर एक-दोन दिवसांत जाता येतं. भरलेला हंडा, पोती उचलणं मात्र दोन आठवडे बंद.

प्राजक्ता३४
खूप उपयोगी, ताई. रिपोर्टमध्ये काय बघायचं? आणि पुढच्या बाळंतपणाचं काय?

ओटी_सिस्टर
लहान नर्सिंग होममध्ये तुकड्याची बाटली नातेवाइकांच्याच हातात देतात. आत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं औषध) आहे ना, नाव-तारीख लिहिली आहे ना, एवढं बघून त्याच दिवशी लॅबला पोचवा. साधं पाणी किंवा सलाइन असेल तर तुकडा कुजतो आणि रिपोर्ट निकामी.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी वाचा: ग्रेड (बिघाड किती) आणि तुकड्याच्या कडा. कडेला बिघडलेल्या पेशी दिसल्या म्हणजे लगेच परत लीप असं नाही, बहुतेकदा पुढच्या तपासणीवर लक्ष ठेवतात. ती तपासणी साधारण सहा महिन्यांनी, एचपीव्ही टेस्ट (हा बिघाड करणाऱ्या विषाणूची). ती चुकवू नका. 'आता बरं वाटतंय' म्हणून बायका तिथेच थांबतात.

मेथी_दाणा
बाळंतपणाचं: दिवस राहायला सहसा अडचण येत नाही. तुकडा जितका खोल, तितका वेळेआधी प्रसूतीचा धोका जास्त, १० मिलीमीटरच्या पुढे तो लक्षात घेतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर खोली लिहून घ्या आणि पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच ते कार्ड दाखवा, म्हणजे सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजता येते.

जाता जाता, कोणी 'थर्मल' म्हटलं तर तो वेगळा प्रकार. साधारण १०० अंशांच्या गरम टोकाने पेशी जाळतात. ते लवकर होतं, पण तपासायला तुकडा उरत नाही. वहिनीच्या रिपोर्टला लीपच बरं.