तारीख जवळ आली की आईचा बीपी चढतो, आणि हल्ली ती विसरायला लागलीय

सांगलीची लेक:
आई ७३ वर्षांची आहे. बीपीची गोळी दहा वर्षं चालू, एक दिवस चुकवत नाही. घरच्या जमिनीची केस कोर्टात आहे. तारीख जवळ आली की तिची झोप उडते, घास गिळत नाही. एरवी वरचा आकडा १३५-१४० च्या घरात, पण तारखेच्या आदल्या दिवशी १७२/९४. तारीख होऊन गेली की दोन दिवसांत उतरतो. आम्हाला त्याची सवयच झाली होती.

माझ्या लहानपणापासून ती कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिते. 'दीड', 'दोन', 'नाही'. या वेळी माहेरी गेले तर आठवडाभराच्या चौकटी कोऱ्या, आणि एकीत 'दीड' दोनदा. आमटीत मीठही दोनदा पडलं. भाऊ म्हणतो, वय झालं. मला नाही पटत. तिच्या डोक्यावर या बीपीचा परिणाम होत असेल का?

निवृत्त सिस्टर:
ताई, तुम्हाला १७२ ची भीती वाटतेय, मला तुमच्या 'एरवी १३५-१४०' ची वाटते. ताणाने चढलेला बीपी उतरतो. रोज थोडा जास्त राहणारा जास्त नुकसान करतो, आणि तो कुणाला जाणवत नाही.

आधी नीट मोजा. अर्धा तास आधी चहा नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवरून नाही. मोजताना बोलायचं नाही, केसबद्दल तर मुळीच नाही. सकाळी गोळीआधी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी मोजून १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी ताब्यात नाही. एकदा उभं करूनही मोजा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात चक्कर येऊन पडलं तर खुबा मोडतो. गोळी मनाने वाढवू नका.

बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर बीपी मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चिपळूणकर:
माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं. लकवा कधीच आला नव्हता, तरी एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसले. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं: मेंदूत खोलवर जाणाऱ्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. वर्षानुवर्षं दाब सोसून त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, तिथलं रक्त कमी पडतं. म्हणून बाबांना आमची नावं आठवायची, पण बँकेची स्लिप भरता यायची नाही. तुमचा दुधाचा हिशोब वाचून तेच आठवलं.

अमेरिकेत स्प्रिंट नावाची मोठी चाचणी झाली. पन्नाशीपुढचे ९,३०० हून जास्त लोक होते, मधुमेह असलेले घेतले नव्हते. निम्म्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचा, बाकीच्यांचा १४० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल आला: पहिल्या गटात सौम्य विस्मरण १९ टक्क्यांनी कमी. डिमेन्शियाचा, म्हणजे रोजचे व्यवहारही अडवणाऱ्या विस्मरणाचा, फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. म्हणून आईचा आकडा किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवतील. विस्मरण त्यांच्यामुळेही होतं, म्हणून बी-१२ व्हिटॅमिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. बाबांचं बी-१२ फारच कमी निघालं होतं.

सांगलीची लेक:
दोघांचेही मनापासून आभार. सरासरी १४८/८४ आली, आणि या सात दिवसांत एकही तारीख नव्हती. उभं राहिल्यावर वरचा आकडा २२ ने उतरला. ते पाहून डॉक्टरांनी गोळी लगेच वाढवली नाही, आधी २४ तास बीपी मोजत राहणारा पट्टा लावायला सांगितलाय. बी-१२ चा रिपोर्ट उद्या मिळेल. वकिलांचे फोन आता भाऊ घेतो.

आईला म्हटलं, बीपी पण कॅलेंडरवरच लिही. काल संध्याकाळी तिने लिहिलं: 'दीड. १४४.'