मदत हवी आहे: सात मॉडेल झाली, मशीन अजून शेडमध्येच. 'पुरे' कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुना मिलिंग, एक सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि माझ्यासकट पाच माणसं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून पाठवतो. जॉबवर्कच्या रेटमध्ये काय उरतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. म्हणून स्वतःचं काहीतरी प्रॉडक्ट असावं असं २०२१ पासून डोक्यात आहे.

प्रॉडक्ट साधं आहे, उसाचे डोळे काढायचं पायडलचं मशीन. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. हल्ली बरेच जण कांडी न लावता रोपंच लावतात. रोपवाटिकेत उसाचा डोळा तेवढा कोरून काढतात, कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावतात आणि महिन्याभरानं रोप शेतात जातं. उरलेला ऊस गुऱ्हाळाला किंवा रसाला चालतो. डोळा काढायला अर्धगोल पात्याचं, हातदांड्याचं यंत्र मिळतं. सासरवाडीला शिरोळकडं बायका दिवसभर तो दांडा दाबत बसलेल्या बघितल्या. संध्याकाळी एकीला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. म्हटलं, दाबायचं काम पायावर टाकू, हात ऊस फिरवायला मोकळे राहतील.

पहिलं मॉडेल पंधरा दिवसांत झालं आणि चाललंही. तिथंच देऊन टाकायला हवं होतं.

पात्याला ईएन-८ स्टील वापरलं होतं, धार लवकर गेली. ते बदलणं भागच होतं. ईएन-३१ घेतलं, हार्डनिंग करून आणलं. धार टिकली, पण रसानं गंज धरला. मग स्टेनलेसचं पातं केलं. ते झाल्यावर वाटलं, ८६०३२ जातीच्या उसाला ठीक आहे, पण २६५ जातीचा ऊस जाड, त्याला नीट बसत नाही. मग बदलता येणारी पाती. मग स्प्रिंग करकरते म्हणून बुश. मग फ्रेम जड वाटायला लागली. मग रंग. रंगात दोन महिने गेले, हे लिहितानाही लाज वाटते. हिरवा की केशरी, पावडर कोटिंग की साधा स्प्रे. स्टिकरवरची अक्षरं पुतण्याकडून अकरा वेळा बदलून घेतली. मशीनचं नाव अजून ठरलेलं नाही, ते वेगळंच.

दर वेळी हंगाम हुकतो. उसाच्या लागणीचे तीन हंगाम: आडसाली जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, मग 'सुरू' हंगाम. रोपवाला त्याच्या महिनाभर आधी डोळे काढतो. म्हणजे पूर्वहंगामीसाठी मशीन सप्टेंबरच्या मध्याला त्याच्या दारात पाहिजे. आणि मी म्हणतो, 'आता राहू दे, पुढच्या हंगामाला एकदम फायनल माल देऊ.'

मागं मेरी वेदर मैदानावर शेती प्रदर्शन बघायला गेलो, तर एका स्टॉलवर असंच पायडलचं मशीन. वेल्डिंग असं की आमच्या हेल्परनं केलं असतं तर ग्राइंडर मारून परत करायला लावलं असतं. पण पुढं गर्दी होती आणि तो गडी पावत्या फाडत होता. त्या रात्री घरी येऊन जेवलो नाही.

वडील टर्नर होते. त्यांचा माल पार्टी न मोजता घ्यायची. माझं वेडंवाकडं मशीन कुणी बघितलं तर 'हा त्यांचा पोरगा?' असं म्हणतील, ही भीती असावी. पक्कं माहीत नाही. वहीत आणखी चार कल्पना लिहून ठेवल्यात, त्यांचीही हीच गत आहे.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवू नका, ते मेहुणा रोज सकाळी पाठवतो. ज्यांनी स्वतःचं काही करून बाजारात नेलंय त्यांनी एवढंच सांगा की 'आता पुरे' हे कशावरून ठरवलंत?

प्रतिसाद
भावा, आमच्या वहिनींची कांदा-लसूण चटणी लेबलापायी दोन उन्हाळे अडकली होती. शेवटी शेजारणीच डबे घेऊन दारात आल्या. लेबल आजपण नाही, कागदी पट्टी चिकटवतो. तुझ्या मशीनबद्दल काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

प्रतिसाद
अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, म्हणून एक विचारतो. जॉबवर्कच्या ड्रॉइंगवर मापापुढं काय असतं? अधिक-उणे. त्यात बसलं की तू गाडी भरतोस. बोअर ५०.०१ आला तर ५०.०० का नाही आला म्हणून कधी जागलायस का? तुझ्या मशीनच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स किती टाकलाय, तेवढं बघून सांग.

आणि सगळी मापं सारखी नसतात. पार्टी चार-दोन मापांना खूण करते, ही क्रिटिकल, इथं तडजोड नाही. तुझ्या मशीनला माझ्या मते दोनच आहेत. पात्याखाली बोट जाऊ नये आणि उसाचा डोळा चिरू नये. गार्ड नसेल तर एकही मशीन बाहेर काढू नकोस, मग हंगाम गेला तरी बेहत्तर. बाकीच्यांना ढिला टॉलरन्स दे. रंगाचं तर मापच काढून टाक.

जाता जाता, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे बघ. आनंदराव आणि बाबूराव पेंटर विलायती कॅमेरा बघून इथंच कॅमेरा करायला बसले होते. आनंदराव १९१६ साली गेले, कॅमेरा अपुराच होता. बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्यावर पिक्चर काढले. तो विलायतीइतका गुळगुळीत असेल असं मला तरी वाटत नाही.

धागाकर्ता
काका, ड्रॉइंग उघडून बघितलं. एकाही मापापुढं अधिक-उणे नाही. दुसऱ्याचं असं ड्रॉइंग आलं असतं तर फोन करून भांडलो असतो. पार्टीकडं तर आम्ही डेव्हिएशन मागून, म्हणजे माप थोडं हललं तरी चालवून घ्या म्हणून, माल पास करून घेतो. गार्ड आहे, तिसऱ्या मॉडेलपासून आहे. डोळा चिरण्याचं शेडमध्ये पन्नासभर उसांवर बघितलंय, दिवसभराच्या कामात नाही बघितलेलं.

प्रतिसाद
दादा, माझी रोपवाटिका आहे शिरोळ तालुक्यात. आठ बायका डोळे काढतात. शेडमध्ये बसून तुम्हाला काय कळणार? गुरुवारपासून आम्ही ८६०३२ चं बेणं तोडतोय. दोन मशीनं आणा, रंग नको. आवडली तर पैसे हंगाम संपल्यावर देईन. मोडली तर देणार नाही, आत्ताच सांगते.

धागाकर्ता
ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. रेड ऑक्साइड मारून आणू का, नाहीतर गंजेल.

प्रतिसाद
आणा की. मी कुठं नको म्हटलं. पण गुरुवारीच आणा.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी
मंडळी, जाऊन आलो. निघायच्या आदल्या रात्री पायडलची ग्रिप बदलायला बसलो होतो. बायकोनं शेडची लाइट बंद केली.

पात्याकडं कुणी बघितलंच नाही. स्टेनलेस आहे हे मीच दोनदा सांगितलं, एक मावशी 'बरं' म्हणाल्या. रंगाबद्दल अवाक्षर नाही. अर्ध्या तासात पहिली तक्रार आली ती उंचीची. मशीन बुटकं आहे, कंबर वाकते. सात मॉडेलमध्ये मी ही उंची एकदाही बदलली नव्हती, कारण शेडमध्ये मी पाटावर बसून चालवायचो आणि त्या स्टूलवर बसतात. त्यांनी मशीनखाली दोन-दोन विटा सरकवल्या आणि कामाला लागल्या. दुसरी तक्रार, डावखुऱ्या बाईला पायडल उलटं पडतं. हे तर स्वप्नातही आलं नसतं. डोळे चिरले, पण थोडे. ताईंनी ट्रे बाजूला ठेवलेत, उगवण झाल्यावर कळेल.

आता उंचीसाठी पाय वेल्ड करू की खालीवर होणारे बोल्टचे देऊ? बोल्टचे दिले तर चार उंच्या मिळतील, आटे कुठले घ्यायचे तेही ठरवावं लागेल. सोमवारी सुट्टी आहे, तोवर सांगा.

प्रतिसाद
दादा, विटाच राहू देत. आणखी दोन मशीनं कधी आणताय ते सांगा, पलीकडच्या रोपवाटिकेतले बघून गेलेत.